पहिला प्रवेश

आम्हाला त्या नाटकात प्रवेश मिळाला तो एवढाच:
अंक पहिला, प्रवेश पहिला.
रात्र. राजवाड्याचं मागचं दार.
दोन हमाल एक पेटी घेऊन येतात.

ग्रिम्स्बीतली आमची शाळा गोदीला इतकी लागून
की खिडकी उघडली तर वर्गात मासळीचा वास,
आणि नाही उघडली तर आमचा.
नववी क. मुलं सत्तावीस, पुस्तकं एकोणीस.
चारशे वर्षांपूर्वीची भाषा,
'तू' म्हणायचे तीन प्रकार, तिन्ही आता मेलेले.

ऑलरेनशॉबाई सप्टेंबरात दोन दिवस शिकवून
आजारी पडल्या. कसला आजार ते कुणी सांगितलं नाही,
म्हणजे सगळ्यांना कळलं.

मग बदलीवरचे आले.
पॉकलिंग्टन सर, टायवर बदकं:
"कुठपर्यंत आलात? असू दे,
पहिल्यापासून घेऊ."
नाताळापर्यंतही टिकले नाहीत.
वेल्सहून आलेली एक मिस,
जिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही,
ती म्हणाली, पहिल्यापासून घेऊ.
कवायतीचे निवृत्त डाऊस सर,
पुस्तक शिट्टीसारखं ओठांजवळ धरून:
पहिल्यापासून!
नमनाला घडाभर तेल म्हणतात,
आमचा अख्खा घाणाच नमनाभोवती फिरत होता.

मी दुसरा हमाल. दर वेळी मीच. सात वाक्यं.
पहिला क्रेग थर्लबी.
तो म्हणायचा, जपून, उजवीकडे पायरी आहे.
मी म्हणायचो, आत आहे काय एवढं जड?
तो म्हणायचा, विचारायचे पैसे मिळत नाहीत.
मग घंटा (केविन, बाकावर फुटपट्टी),
मग सरदार येतो, भरपूर बोलतो,
आम्ही पेटी टेकवतो.
खाली तिरप्या अक्षरांत: हमाल जातात.
पाच अंकांत पुन्हा कुठे येतात का,
ते बघायला आम्ही तिथवर पोचलोच नाही.

पेटीचा अर्थ प्रत्येकाने वेगळा सांगितला.
सत्ता. पाप. वेल्सच्या मिसने 'उत्कंठा' लिहून
खाली दोन रेघा मारल्या, खडू मोडला.
क्रेगचा बाप गोदीतला. क्रेग म्हणाला, सर,
पेटी जड असली की माणूस अर्थाचं बोलत नाही,
पायरीचं बोलतो.
डाऊस सरांनी त्याला बाहेर उभं केलं.

जूनमध्ये बाई परत आल्या.
डोक्याला निळा रुमाल,
हात वर केला की घड्याळ कोपराकडे घसरायचं.
खुर्चीत बसायला त्यांना वेळ लागला.
मग पुस्तक उघडलं. "कुठपर्यंत आलात?"

वर्ग गप्प.
शेली ब्लँचर्डने, जिने वर्षभर नखंच रंगवली,
मान वर न करता सांगितलं,
"सुरुवात नाही केली, मिस. तुमच्यासाठी थांबलो."

थाप. सत्तावीस जणांची, एका तोंडून.
बाईंनी ओळखली असणारच:
पुस्तकं बाकावर ठेवली की
आपोआप त्याच पानावर उघडायची,
कणा तिथेच मोडलेला.

"मग पहिला हमाल मी," बाई म्हणाल्या.
क्रेगने बोट पानावरून उचललं.

जपून, त्या म्हणाल्या,
उजवीकडे पायरी आहे.
आणि थांबल्या. श्वासासाठी असेल,
किंवा पायरीसाठी.

मी माझं वाक्य विसरलो.
पाठ, तोंडपाठ, झोपेत येणारं वाक्य.
केविनने घाबरून घंटा आधीच वाजवली
आणि बाई हसल्या, रुमाल सावरत, खूप वेळ.

पेटीत काय होतं, मला अजून माहीत नाही.
वाचनालयात ते नाटक आहे. दोनदा काढलं,
हमाल जातात तिथपर्यंत वाचलं
आणि परत ठेवलं.

आता शीतगृहात रात्रपाळी. हॅडॉकच्या पेट्या,
दोन्ही टोकांना एकेक माणूस,
फरशी सपाट, ओली, दारापर्यंत.
"उजवीकडे पायरी आहे," मी म्हणतो.
नवी पोरं खाली बघतात.